वडनेरमधलं बर्फाचं घर

कुसुमताई वडनेरच्या चित्रदालनाचं दार आधी ठोठावतात आणि मग थांबतात. आत कुणी नसतं. किल्ली माझ्याकडे असते, आणि मी त्यांच्या शेजारीच उभा असतो.

"घाई नको करू," त्या म्हणतात. "त्यायले आवरू दे."

'ते' म्हणजे चित्रांतली माणसं. ताई अमेरिकेत डॉक्टर होत्या. पगारातून तिथल्या चित्रकारांची चित्रं घेत गेल्या आणि म्हातारपणी सगळी घेऊन गावी परतल्या. ट्रस्ट केला, चित्रं गावाला दिली, राखणीला मला नेमलं. तेव्हापासून चित्राजवळ जायचं तरी त्या मलाच विचारतात. "गावाची वस्तू आहे बाबू. हात लागला तं?"

घोड्यावरच्या गुराख्याला त्या उन्हाचं विचारतात, मका खुडणाऱ्या बाईला पाठीचं. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवतात. शाळेच्या पोरी ओढणीत तोंड लपवून हसतात. मीही हसायचो.

एका चित्रापुढे मात्र हसू येत नसे. बर्फाच्या माळावर लाकडी घर, एकच काळी खिडकी. भर मे महिन्यात, पंखा गरम वारा फेकत असताना, त्याची चौकट पुसताना माझी बोटं गारठत. दोनदा लाकूड जळाल्याचा वास आला. दालनभर फिरलो. वास फक्त तिथंच होता.

ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मंग घरीच हायेत." आणि गुराख्याकडे वळल्या.

परवा दुपारी तुळसाबाई आल्या. कापूस वेचायला जाणारी बाई, दालनात पहिल्यांदाच. बाकी चित्रं भराभर पाहिली, त्या घरापाशी थबकल्या. पदर डोक्यावर ओढला.

"या घरी कोणी गेलं काय वो?"

मी ताईंकडे पाहिलं.

"माह्ये मालक," ताई म्हणाल्या. "याच घरात. बर्फानं रस्ता बंद, मी दवाखान्यात अडकली. दोन दिवसांनी पोचली." जरा थांबून म्हणाल्या, "घर विकलं मंग. पण तिकडं ते एकटेच राह्यले असते. म्हणून घराचं चित्र काढून घेतलं. इथं रोज कोणी ना कोणी येते."

तुळसाबाई चित्रापुढं फरशीवर बसल्या, दुःखाच्या घरी बसतात तशा. ताईही गुडघे धरत शेजारी बसल्या.

मग तुळसाबाईंनी विचारलं, "माणूस कसा होता?"

ताई सांगू लागल्या. दालन बंद करायची वेळ होऊन गेली, तरी मी त्यांना उठवलं नाही.