म्हणजे काय, सर?

व्याख्यान संपलं, टाळ्या पडल्या, मंडळी भरीत-पुरीच्या वासाकडे सरकायला लागली, की तिसऱ्या रांगेतून एक हात वर व्हायचा. तो हात दिसला की मी घड्याळाकडे बघायचो. यावलचे डॉक्टर नाना चौधरी उठायचे, खिशातून वही काढायचे आणि पाहुण्या तज्ज्ञाला विचारायचे, "तुम्ही मघाशी 'इडिओपॅथिक' म्हणालात. म्हणजे काय, सर?"

"म्हणजे... ज्याचं कारण माहीत नाही असा आजार."

"बरं. मग 'माहीत नाही' असंच लिहितो." आणि नाना खरोखर तसं लिहायचे. तोवर पुऱ्या गार झालेल्या असायच्या.

मी तेव्हा आमच्या डॉक्टरांच्या संघटनेचा चिटणीस होतो. हे पद मी मागितलं नव्हतं. ज्या सभेत निवड झाली तिला मी गैरहजर होतो, एवढाच माझा गुन्हा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जळगावात आमची सीएमई व्हायची. म्हणजे डॉक्टर होऊन बसलेल्यांचं पुढचं शिक्षण. वक्ता मिळवायचा, प्रोजेक्टर आणायचा, वीज गेली की पाहुण्यांची माफी मागायची आणि सोमवारी पुन्हा आपला दवाखाना. बाकीचे रविवार पुढच्या महिन्याच्या जुळवाजुळवीत जायचे; तीन वर्षांत एक रविवार मी घरी लोळून काढला नव्हता.

नानांचा दवाखाना यावलच्या बाजारपेठेत. केळीचे घड वाहून ज्यांच्या माना आणि कमरा धरल्या, ते सगळे त्यांच्याकडे. "नाना, मले वाकताच येत नही भो," म्हणत कोणी आला की नाना त्याला पालथं झोपवायचे, स्वतःचे डोळे मिटायचे आणि पाठीवरून बोटं फिरवत जायचे. "इथं?" "हाव, हाव, तठीच!" मग पाच मिनिटं हातानं काहीतरी करायचे आणि माणूस सरळ चालत बाहेर पडायचा. परदेशात हाडं-सांधे असे हातानं तपासून उपचार करणारे ऑस्टिओपॅथ डॉक्टर असतात. त्यांचं एक मासिक नानांकडे यायचं. अमेरिकेतल्या भाच्यानं वर्गणी भरली होती.

एका अंकात त्या डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणातल्या महत्त्वाच्या शब्दांची यादी आली. झालं. नानांनी तिच्या तीस झेरॉक्स काढल्या, प्रत्येक शब्दापुढे स्वतःच्या हातानं मराठी लिहिलं आणि आमच्या सभेत वाटून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'सोमॅटिक डिसफंक्शन' : अंग अडलंय. 'नीड्स असेसमेंट' : कोणाला काय येत नाही ते आधी विचारणं. 'लर्निंग ऑब्जेक्टिव्ह' : घरी जाताना काय घेऊन जायचं.

"भरीत," मागून कोणीतरी म्हणालं.

नाना हसले नाहीत. "आता 'क्रेडिट' बघा. म्हणजे हजेरी. पण अहो चिटणीस, ही हजेरी बसलेल्याची, की समजलेल्याची?"

पहिल्या रांगेत भुसावळचे एक वडीलधारे फिजिशियन शांत झोपले होते.

मग व्हायचं ते झालं. पुण्याहून आलेल्या एका मोठ्या सर्जनना नानांनी एकच शब्द तीनदा विचारला. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "तुम्ही खरंच डॉक्टर आहात ना?" नाना म्हणाले, "हो. म्हणून तर विचारतोय." साहेब न जेवता गाडीत बसले. कार्यकारिणी चिडली. ठराव झाला : डॉक्टर चौधरींनी यापुढे प्रश्न विचारू नयेत. ठरावाचं पत्र घेऊन कोणी जायचं, यावर चर्चासुद्धा झाली नाही; चिटणीस मीच होतो.

बुधवारी दुपारी जळगावातला माझा दवाखाना बंद करून मी एसटीनं यावलला गेलो. ऊन, धूळ, शेजारच्या माणसाच्या मांडीवर कोंबडी. नानांचा दवाखाना जेवणासाठी बंद होता. मागच्या घराचं दार उघडं होतं, म्हणून तिकडे वळलो आणि उंबऱ्यातच थांबलो.

खाटेवर उशांना टेकून काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, बसल्या होत्या. याच काकू एके काळी दवाखान्याचं औषधवाटप एकहाती सांभाळायच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नानांना विचारलं की ते "ठीक आहे" म्हणायचे आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळायचो. भेटायला कोणी आलं नव्हतं. मीही नाही.

नाना स्टुलावर वही घेऊन बसले होते. "'प्रोप्रिओसेप्शन'. म्हणजे शरीराला स्वतःच्या अवयवांच्या स्थितीचं जे भान असतं, ते."

काकूंनी डाव्या हाताची मूठ घट्ट मिटली.

"नाही कळलं? बरं. अंधारात जेवलीस तरी घास तोंडातच जातो. नाकात जात नाही. ते."

मूठ उघडली. नानांनी वहीत बरोबरची खूण केली, तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"या, या. असे उभे का?" त्यांनी खुर्ची ओढली. "हिनं वीस वर्षं माझ्या चिठ्ठ्या वाचल्या. रोग्याला कळणार नाही असा शब्द मी लिहिला की लगेच परत पाठवायची. अजून पाठवते. मला स्वतःलाच धड कळलेलं नसेल, तर हिची मूठ काही केल्या उघडत नाही. मग रविवारी विचारावं लागतं. लोकांची पंगत खोळंबते, कळतं मला. पण काय करू?"

मी शर्टाच्या खिशातल्या पत्रावर हात ठेवला.

"तुमचं काही काम होतं?"

"नाही, इकडून जात होतो," मी म्हणालो. जळगावहून बुधवारच्या दुपारी यावलवरून कोणी कुठं जात नसतं. नानांनी ते ताणलं नाही.

काकू मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांनी डाव्या हातानं माझी बाही धरून मला जवळ ओढलं, माझ्या डोळ्यांखाली बोट टेकवलं आणि मग तेच बोट स्वयंपाकघराकडे दाखवलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, हा माणूस फार थकलाय," नाना म्हणाले. "जेवून थोडा आडवा होऊ दे, म्हणते. पाचची गाडी आहे."

तीन वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. पत्र शर्टाच्या खिशात होतं, ते तिथंच राहिलं. मी चपला काढल्या आणि हात धुवायला मोरीकडे गेलो.