आहे तसा पिझ्झा

नवा धंदा काढायला भांडवल, जागा आणि जिद्द लागते, असे सर्वत्र सांगितले जाते. खानदेशात चौथी गोष्टही लागते: सूचना पचवण्याची ताकद. पहिल्या तिन्हींची कधी टंचाई पडते. सूचना मात्र घरपोच येतात.

लीलाधरने जळगावात स्वतःच्याच गल्लीत पिझ्झाचे दुकान काढले, तेव्हा त्याची इच्छा एकच होती. पुण्यात भट्टीपुढे भाजून निघत तो जो पिझ्झा शिकला होता (पातळ पोळी, टोमॅटो, चीज, वर बेसिलची पाने), तो कुणीतरी आहे तसा खावा आणि कसा लागतो ते सांगावे. इच्छा इतकी साधी होती की ती पुरी होणे अवघडच होते.

उद्घाटनाला गल्ली लोटली. समोरचे किराणावाले पन्नालालशेठ यांनी अत्यंत प्रेमाने कांदा-लसूण बंद करवला. शेजारच्या नानांनी शेव सुचवली (शेव घातल्याने खानदेशात आजवर कुठल्याही पदार्थाचे नुकसान झालेले नाही). एका अक्कांना टोमॅटोने पित्त होई, म्हणून त्या जागी वांग्याचे भरीत आले. चीज दाताला चिकटते, अशी ज्येष्ठांची तक्रार आली. तक्रारदारांपैकी निम्म्यांना दातच नव्हते, पण वयाचा मान असतो. मोठ्या माणसाला नाही म्हणणे लीलाधरला घरात कुणी शिकवलेच नव्हते. दिवाळीपर्यंत दुकानात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भरीत मिळू लागले. ते खाऊन गल्लीने एकमताने निकाल दिला, "हे तर घरीच मिळतं. पिझ्झा कुठंय?"

दुकान बंद पडले. गल्ली मनापासून हळहळली. पोराने आमचे ऐकले असते तर आज कुठल्या कुठे गेला असता, असे नाना आजही सांगतात.

मग लीलाधरने बिऱ्हाड धुळ्याला हलवले. निवड शास्त्रशुद्ध होती. धुळ्यात त्याला कुणी ओळखत नव्हते. ओळख नाही म्हणजे नाते नाही, नाते नाही म्हणजे हक्क नाही, आणि हक्क नसेल तर कोण कशाला सूचना करील? पाटीवर त्याने आडनाव टाकले नाही. कुणी गाव विचारले, तर तो भट्टीत डोके घाली.

आठवडाभर सुख होते. गिऱ्हाईक नव्हते, पण सूचनाही नव्हत्या. मग एका दुपारी शेजारच्या बेबाबाई आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "एक पिझ्झा दे भाऊ. तुले जसा येस तसा."

लीलाधरला भरून आले. त्याने पिझ्झा भट्टीत सारला. तो भाजेपर्यंतचा वेळ मात्र घातक ठरला.

"तुना मामानं गाव कोणतं रे?" बेबाबाईंनी सहज विचारले.

अशा वेळी माणसाने खोकावे, फोन आल्याचे दाखवावे. पण मामाच्या गावाबाबत खोटे बोलणारा खानदेशी अजून जन्मायचा आहे. "भडगाव," लीलाधर बोलून गेला.

"मी बी भडगावनीच शे. तू ते मना भाचा निंघना."

पिझ्झा टेबलावर आला. वाफाळता, आहे तसा. भाच्याच्या हातचा म्हणून बेबाबाईंनी त्याच्याकडे मायेने पाहिले. "बठ्ठं चांगलं शे बेटा," त्या म्हणाल्या, "फक्त वर जराशी शेव टाक."

लीलाधरला रडू येत होते. तो शेव आणायला गेला.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला भाचा मिळाला. आता तो नरडाण्याला जागा बघतो आहे. तिथे कारखान्यांत कामाला लांबलांबचे लोक येतात, त्यांचे मामा आणखी लांब असतात.

तुम्ही म्हणाल, नरडाणा कशाला, सरळ सुरत गाठावी. किंवा मामाचे गाव खोटेच सांगायचे होते. किंवा बाईंना आधी एक घास खायला लावायचा होता. सूचना मोलाच्या आहेत, लीलाधरला जरूर कळवू. पिझ्झा कसा लागतो, हे मात्र तुम्हीही विचारले नाहीत.