पाण्याखालची राखण

आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी नळावर सगळे रांगेत उभे राहत, तात्या मात्र जागा धरत. नळापासून चार पावलं मागे, गुडघे वाकवून, आडवे. पुढे घुसणारा हमखास त्यांच्यावरच येऊन आदळे.

तात्या पूर्वी बोटीवर खलाशी होते. विलायतेतल्या कुठल्याशा बंदरात त्यांनी पोहण्याच्या टाकीत, पाण्याच्या तळाशी चाललेली हॉकी पाहिली होती. वीतभर काठी, शिशाची चकती आणि रोखलेला दम. नोकरी सुटल्यावर गिरणीतल्या चौघांना ते हा खेळ शिकवू लागले. टाकी रविवारीच मिळे, म्हणून एरवी धडे आमच्या गॅलरीत. माझं लाटणं मागून नेत, फरशीवर पालथे पडत आणि दम रोखून लोखंडी वजन ढकलत.

"तात्या, सुई हरवली काय?" त्यांना ओलांडून जाताना शेजारच्या काशीबाई विचारत.

दम सुटेपर्यंत उत्तर नाही. मग चौघांवर ओरडत, "चकतीमागे सगळेच धावलात तर गोल कोण राखतलो, तुमचो सासरो? दोघे आडवे, एक मागे. दम संपायच्या आधी वर जावा. पण खाली दुसरो इल्याशिवाय नाय."

भाकऱ्या थापताना मी हे ऐके आणि मनात हसे.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आमचे हे तुरुंगात गेले. पाठोपाठ माझ्या शकूला विषमज्वर झाला. सहा दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. कुणाला हाक मारायला माझी जीभच उचलत नसे.

सातव्या दुपारी तात्या लाटणं परत द्यायला आले. मला बघून दारातच थांबले.

"वैनी, तुमचो दम संपत इलो. वर जावा."

"शकूजवळ कोण?"

"मी खाली आसंय."

दार आणि शकूची खाट यांच्या मध्ये ते आडवे बसले, जणू ताप दारातूनच येणार होता. मी आंघोळ केली, काशीबाईंकडे पेज प्याले आणि तिथेच दोन तास झोपले. मग रोज दुपारी ते येत. तिसऱ्या आठवड्यात शकूचा ताप उतरला.

पाण्याच्या पट्ट्या इतक्या नीट कशा ठेवता, मी एकदा कसंबसं विचारलं.

तात्या लाटणं हातात फिरवत राहिले. "माझी बायल अशाच तापान गेली. मी बोटीवर. म्हातारी आई पंधरा दिस एकटी खाली होती. बदली येवक कोण नव्हतो."

 ते निघाले तेव्हा लाटणं खाटेवर ठेवलं होतं. मी ते उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी पोळ्या बाटलीने लाटल्या.