बारकूआप्पांचं रेडियम

भरदुपारी शटर आतून ओढून गिऱ्हाइकाला अंधारात बसवणारा सिल्वासाच्या आमली भागात एकच दुकानदार होता, घड्याळवाले बारकूआप्पा. शेजारच्या गुजरातसारखी दारूबंदी नसल्याने तिथे दारू प्यायला शटर ओढावं लागत नसे, त्यामुळे आत नक्की काय चालतं याबद्दल लोकांना भलतेसलते संशय होते.

चालायचं ते एवढंच. जुन्या घड्याळाची सर्व्हिसिंग झाली, की आप्पा ते बल्बखाली धरायचे, बल्ब बंद करायचे आणि आकड्यांवरचे रेडियमचे ठिपके चमकतात का ते विचारायचे. "दिसलं का?" घामाघूम झालेलं गिऱ्हाईक ताबडतोब म्हणायचं, "दिसलं, दिसलं." मग शटर वर.

काळ नव्वदच्या आसपासचा. गावात सगळं नवंकोरं होतं: कारखाने, चाळी, साहेब आणि साहेबांची इंग्रजी. दमणहून पाच-पाच बटणांची घड्याळं येत होती. जुनं घड्याळ घेऊन येणाऱ्यालाही ते नवं दिसायला हवं असे. पण "डायल रंगवून द्या" म्हटलं, की मूळचे खानदेशातल्या चोपड्याकडचे आप्पा भडकत. "वय झालंय त्याचं, रोग नाही झाला." एका कारखान्याच्या मॅनेजरला तर त्यांनी आधी स्वतःचे केस रंगवणं सोडून मग यायला सांगितलं. मॅनेजर परत आला नाही. केस काळेच राहिले.

डायलला पाणी नाही, फडकं नाही. यंत्र पेट्रोलमध्ये धुण्याआधी डायल सुटी करून काचेच्या वाटीखाली झाकायची, धूळ रबरी फुग्याने उडवायची. तेवढा वेळ गिऱ्हाइकाने शिंकायचंसुद्धा नाही. मला एकदा पडसं झालं होतं, तर माझ्याशी सगळं बोलणं रस्त्यावर उभं करून झालं.

मी तिथल्या शाळेत मास्तर. वडिलांचं घड्याळ आप्पांकडे दिलं होतं. त्याचे ठिपके चहाच्या डागासारखे पिवळे पडले होते. घ्यायला गेलो तेव्हा रिवाजाप्रमाणे शटर खाली आलं, बल्ब बंद झाला.

"दिसलं का, मास्तर?"

मला शाळेची घंटा गाठायची होती. "दिसलं," म्हणालो आणि शटर वर ढकललं. उजेडात बघतो तर आप्पांच्या तळहातावर घड्याळ पालथं पडलेलं.

ते आम्ही दोघांनीही पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मले रातांधळेपणा आहे, मास्तर. लहानपणापासून," आप्पा हळू म्हणाले. "उजेडात केसाएवढा काटा दिसतो. अंधार झाला का काहीच नाही. रेडियम जितं राह्यलं का माझ्या हातून मेलं, ते मले कसं कळावं? म्हणून तर इचारतो." घड्याळ सुलटं करत म्हणाले, "मंग बाकीचे लोक?"

मी शटर पुन्हा ओढलं, त्यांच्या हातातून घड्याळ घेतलं आणि शेजारच्या स्टुलावर बसलो. शाळेची घंटा होऊन गेली असावी. डोळे अंधाराला सरावू दिले.

"बारावर आहे, आप्पा," मी म्हणालो. "तीनवर आहे, पण अगदी अंधुक. नऊवर आहे. सहावर नाही."

"सहावर नाही," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग अंधारातून त्यांनी संकोचत विचारलं,

"आन मास्तर, ते दिसतं तरी कसं?"