तांडेल बाई आणि नल

ऑफिसात कोणी "काही नाही" म्हणालं की तांडेल बाई कीबोर्डवरून हात उचलून विचारतात, "नाही म्हणजे शून्य, की माहीत नाही?" शिपाई लग्नाचं आमंत्रण घेऊन आला तेव्हा त्यालाही त्यांनी सांगितलं, "येणार नाही असं नाही. सध्या नल."

नल म्हणजे माहितीच न भरलेला रकाना. आम्ही बोईसरला कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो, आणि आमची प्रोग्रॅमिंगची भाषा भारी शिस्तीची. आकड्याच्या जागी नल आला की ती तिथेच अडून बसते.

मागे शिसं वितळवणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या रक्ततपासणीचा प्रोग्रॅम असाच अडला. काहींच्या रक्तातल्या शिशाचा रकाना रिकामा होता. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम दाखवायचा होता, म्हणून आमच्या साहेबांनी नलच्या जागी शून्य घालायला सांगितलं. चालला असता, फक्त तपासणीच न झालेल्या माणसांपुढे हिरवं 'ठीक' उमटलं असतं.

"रक्त घेतलंच नाय, तर ठीक कसा?" बाई म्हणाल्या. त्या इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरच्या, चिडल्या की 'नाही'चं 'नाय' होतं. त्यांनी शिशाच्या आकड्याच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लावलं, म्हणजे इथे आकडा नसूही शकतो असं भाषेला बजावलं. प्रोग्रॅम सुरळीत चालला आणि काही नावांपुढे लाल अक्षरांत 'तपासणी बाकी' आलं. साहेबांना लाल रंग आवडला नाही. बाईंनी तो बदलला नाही.

आमचं काम तिथे संपलं, बाईंचं नाही. त्यांनी कारखान्यात फोन करकरून एकेकाला तपासायला लावलं. शेवटी उरला लहानू, मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरचा कंत्राटी कामगार. तो सुईला घाबरून पळायचा. माझ्या स्कूटरवर मागे बसून बाई थेट कारखान्याच्या गेटवर गेल्या.

"माला काय नाय झालं," लहानू म्हणाला.

"ते रक्ताला विचारू," म्हणत बाईंनी त्याला दवाखान्यात नेलं, आणि सुई टोचताना दाबायला स्वतःचा हात दिला.

शिसं बरंच निघालं. त्याला दाखल करावं लागलं. पुढे तो बरा झाला, कामाची जागाही बदलून मिळाली. पण दाखल केलं त्या दुपारी पाड्यावरून अजून कोणी पोचलं नव्हतं. बाईंनी रजा टाकली आणि डबा घेऊन त्याच्या खाटेशी बसल्या. मी भेटायला गेलो तेव्हा लहानू संकोचून त्यांना सांगत होता, "बाय, तुमी जा आता. घरी वाट बघत असतील."

बाई माशाचे काटे काढून त्याच्या ताटात ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरी कुलूप हाय. तू जेव."