नतीजा विचारणारे मास्तर

आमचे सदर मास्तर, म्हणजे हेडमास्तर, मन्मथप्पा कुणाच्याही घरी जेवायला गेले की पहिला घास गिळून निकाल, त्यांच्या भाषेत नतीजा, लावायचे. "भाकरी पास. आमटी नापास." वाढणारी बाई ओशाळून जायची. मला मुलगी झाली तेव्हा त्यांनी शाळेच्या दारातच विचारलं, "नतीजा काय?" मुलगी म्हटल्यावर जरा थांबून म्हणाले, "पास. पर आईची तब्येत सांगा, मंग पक्कं."

निजामी अमदानीचे दिवस. पेडगावच्या पलीकडं आमची चार यत्तांची शाळा, शिकवणारे आम्ही दोघंच. संक्रांतीनंतर तालीमखात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे साहेब मुआयन्याला, शाळा तपासायला यायचे. पोरांना एकेक उभं करून पाढे, वाचन, हिशेब विचारायचे. नतीजा कमी लागला की मास्तरची बदली थेट आदिलाबादेकडच्या रानात.

त्यावर मन्मथप्पांनी तोड काढली होती. मुआयन्याच्या सकाळी कच्च्या पोरांना ते कामाला लावायचे. कुणी गुरामागं, कुणी रानात राखणीला. पोरं खूश, आईबाप खूश, साहेबही खूश. मी एकदा म्हटलं, "मास्तर, ही पोरं शिकणार कधी?"

"बाकीचं सगळं वरीस पडलंय की."

त्यांचा एकुलता मुलगा बसलिंग चौथीत होता. आई लहानपणीच गेलेली. पोरगं हाताचं लय हुशार, गावातलं बिघडलेलं कुलूप त्याच्याकडंच यायचं. पण परक्या माणसासमोर जीभ टाळ्याला चिकटायची. त्या साली साहेब यायच्या सकाळी तो धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. मास्तर त्याच्याजवळ गेले.

"बसू, पेडगावला मामाकडं जा. कुऱ्हाड मागून आण."

"आबा, समदं पाठ हाय माझं."

"मला ठावं हाय. सायबाला कुठं ठावं हाय?"

पोरगं उठलं. दप्तर तिथंच ठेवून गेलं.

नतीजा सोळा आणे लागला. साहेबांनी पाठ थोपटली, पाटलांनी हार घातला. बसलिंग मामाकडून परत आला, पण शाळेत आला नाही. मास्तरांनी समजावलं, मारलं, एकदा तर माझ्यादेखत हात जोडले. तो मान खाली घालून कुलूप खोलत राहिला. मिसरूड फुटल्यावर पूर्ण्याला रेल्वेत फिटरच्या हाताखाली लागला.

मास्तर एकटे पडले. जेवण कसं झालं विचारलं तर नुसती मान हलवायचे. पुढच्या मुआयन्याला त्यांनी एकूण एक पोरं बसवली.

"मास्तर, इचार करा," मी म्हटलं.

"लय वर्सं केला."

साहेबांनी एका धनगराच्या पोराला पाढा विचारला. पोरगं गप्प. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जरा दम धरा, सरकार. येतंय त्याला. येळ लागतो." साहेब पुढच्या पोराकडं वळले. बरीच पोरं पडली. महिन्याभरात बदलीचा हुकूम आला.

मी पूर्ण्यापर्यंत पोचवायला गेलो. बसलिंग तेलकट कपड्यांतच फलाटावर आला. बापाची वळकटी डब्यात ठेवली, तांब्या भरून आणला. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या दिशी तुला बसू द्यायला पायजे होतं."

बसलिंग डब्यात चढला.

"रजा सांगून आलोय," तो म्हणाला. "तिकडं तुमची चूल मांडून देतो, मंग येतो माघारी."

मास्तरांनी बाकावरची वळकटी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी जागा केली.