आठव्या आत्याचा कायमचा फोटो

माणूस हयातीत कितीही हिंडला तरी मेल्यावर त्याला एकाच फोटोत राहावं लागतं. म्हणून तो फोटो जिवंतपणी, डोकं ताळ्यावर असताना आणि शक्यतो दात असताना काढून घ्यावा, असा सायगॉनच्या दक्षिणेकडच्या आमच्या सा देक गावात रिवाज आहे. पितरांच्या चौरंगावर लागणाऱ्या या फोटोचे निकष ठरलेले आहेत. दोन्ही कान दिसले पाहिजेत (घरच्यांची गाऱ्हाणी ऐकायला). नजर थेट समोर हवी (नैवेद्यातली केळी उचलणाऱ्या नातवंडांवर). हसू असलंच तर इतपत, की बघणाऱ्याला वाटावं, मरताना फारशी गैरसोय झाली नाही.

हे फोटो माझे यजमान एकतीस वर्षं काढत होते. गाव त्यांना पाचवे काका म्हणतं. ते आईचं चौथं मूल. (आमच्याकडे मुलांची मोजणी दोनापासून सुरू करतात, म्हणजे थोरलं मूल पळवणाऱ्या भुतांना थोरलं कोण हे कळत नाही. इतक्या पिढ्यांत भुतांच्या हे लक्षात आलेलं नाही, यावरून त्यांच्यातल्या शिक्षणाची अवस्था दिसते.) निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या कमी करणं हे माझं खातं. कुणी शिकवलं नाही. बघून बघून हात बसला. माणशी सरासरी अकरा वर्षं मी उतरवत असे. निवृत्त शिक्षकांची तेरा.

२००३ साली सायगॉनच्या एका विक्रेत्याने यजमानांना डिजिटल कॅमेरा दहा दिवस वापरून बघायला दिला. सोबत अभिप्रायाचा चार पानी फॉर्म. तो भरायचं अर्थातच माझ्याकडे आलं.

यजमानांनी कॅमेरा अत्यंत शास्त्रोक्त पद्धतीने वापरला. कार्ड अंधाऱ्या खोलीत जाऊन, दार लावून बसवलं. प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने रीळ पुढे सरकवलं (रीळ नव्हतं, पण अंगठ्याला कोण समजावणार). सरावाचे छत्तीस फोटो झाल्यावर थांबले, कार्ड काढलं, काळ्या डबीत घातलं आणि फ्रिजमध्ये माशाच्या सॉसशेजारी ठेवलं. ‘कार्डाची क्षमता’ या रकान्यात मी लिहिलं : छत्तीस. थंड जागी उत्तम टिकतं.

पहिलं गिऱ्हाईक आठवी आत्या. नात्याने कुणाचीच नाही, मानाने सगळ्या गल्लीची. वय अडुसष्ट. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन होतं, त्यामुळे फोटोची घाई होती. पण तिची खरी अडचण वेगळी होती. तिचा नवरा, आठवे काका, बेचाळीस वर्षांपूर्वी होडी घेऊन निघाले आणि वादळात नदीने त्यांना ठेवून घेतलं. तेव्हापासून ते चौरंगावर आहेत. वय वर्षे सत्तावीस.

“त्यांच्या शेजारी बसायचंय मला,” आत्या म्हणाली. “त्यांनी ओळखलं पाहिजे, पाचव्या. नाहीतर विचारतील, बाई, तुम्ही कुणाच्या आई?”

पेन्सिलीने मी बेचाळीस वर्षं उतरवू शकले असते. पण मग चेहऱ्यात आत्या उरली नसती.

फिल्मचा मोठा गुण असा, की गिऱ्हाइकाला फोटो चार दिवसांनी मिळतो. तेवढ्यात त्याची आशा कमी होते आणि फोटो बरा दिसू लागतो. डिजिटलमध्ये आशेला कमी व्हायला वेळच मिळत नाही.

“ही कोण?” आत्याने कॅमेऱ्याच्या पाठीत डोकावून विचारलं.

“तुम्हीच, आत्या.”

“माझे गाल असे लोंबतात? खोटारडं यंत्र. पूस.”

यजमानांनी पुसला. आनंदाने पुसला. कारण त्यांची खात्री होती, की पुसली जाते ती नुसती प्रत. निगेटिव्ह आत कुठेतरी सुखरूप असणार. एवढं महागाचं यंत्र बिननिगेटिव्हचं असेल, असा संशय सभ्य माणसाच्या मनात येत नाही.

तीन दिवसांत दोनशे अकरा फोटो निघाले आणि पुसले गेले. फॉर्मसाठी मी कारणांची नोंद ठेवली : गाल, चौसष्ट. नाक, एक्कावन्न. एक डोळा बारीक, अडतीस. बहिणीसारखी दिसते (बोलणं बंद आहे), एकोणतीस. नुसतंच ‘शी’, अठ्ठावीस. आणि ‘चांगला आलाय, पण आणखी चांगला येईल’, एक.

तिसऱ्या दिवशी आत्या दमली. “जाऊ दे बाबा. तो पहिल्या दिवशीचा चांगला आलेला दे. पंख्याने केस उडाले होते तो.”

“देतो की. निगेटिव्ह आहे ना,” यजमान म्हणाले आणि निगेटिव्हचा कप्पा कुठून उघडतो ते विचारायला त्यांनी विक्रेत्याला फोन लावला. विक्रेता बराच वेळ बोलत होता. यजमान फक्त “हो” म्हणत होते, दर वेळी आधीपेक्षा हळू.

“नाही म्हणे,” परत येऊन ते म्हणाले.

“काय नाही?”

“निगेटिव्हच नसतं, आत्या. पुसलं की संपलं.”

आत्या खुर्चीतून उठली. हृदयाच्या पेशंटने असं उठू नये. “एकतीस वर्षं धंदा केलास! आणि पुसण्याआधी कुणाला विचारावंसं वाटलं नाही? तुम्हा पुरुषांना जरा थांब म्हटलेलं ऐकूच येत नाही का रे?”

कॅमेरा हातात असताना दचकले की यजमानांचं बोट दाबलं जातं. ही धंद्याची सवय आहे. दोनशे बारावा फोटो निघाला.

एकच कान. डोळे वटारलेले. रोखलेलं बोट पुसट.

“दाखव,” आत्या म्हणाली.

आधीचे फोटो तिने सरासरी चार सेकंद पाहिले होते. हा पाहताना माझ्या कॉफीतला बर्फ वितळला.

“हा.”

“आत्या, दुसरा कान नाही. नियमात बसत नाही.”

“न बसू दे. त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. जाऊ नका म्हणून घाटावर मी अश्शीच ओरडले होते. शेवटचं हेच तोंड बघून गेलेत ते. लगेच ओळखतील.” मग माझ्याकडे वळून : “आणि पाचवी काकू, पेन्सिल लांब ठेव.”

ऑपरेशन झालं. आत्या त्यानंतर पंधरा वर्षं जगली आणि फोटो कपाटात वाट बघत राहिला. आता ती काकांशेजारी आहे. काका अजून सत्तावीसच, पण तिची मान फोटोत नेमकी त्यांच्या बाजूला वळलेली असल्यामुळे ते जरा घाबरलेले दिसतात. फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, ‘या कॅमेऱ्याची शिफारस कराल का?’ मी लिहिलं : हो. रागीट गिऱ्हाइकांसाठी.

तुमच्या फोनमध्ये आज चार-साडेचार हजार फोटो असतील. भिंतीवर एकच लागतो, आणि तो निवडायला घरच्यांना जेमतेम वीस मिनिटं मिळतात (हारवाला दाराशी खोळंबलेला असतो). तुमचा कोणता, म्हणून आत्ता फोन उघडून शोधत बसू नका. परवा नाक मोठं आलं म्हणून पुसलात ना, तो होता.